‘ग्राउंड झिरो’ने कमीच सांगितले

राजकीय थरारपटांविषयी आपल्या सिनेरसिकांत एक मत पक्के बसले आहे, आणि ते इतक्या निःशंकपणे मांडले जाते की त्याला कोणी हरकत घेईल असे मांडणाऱ्याच्या मनातही येत नाही. मत असे: सरकारे लपवालपवी करतात हे खरे, पण चित्रपटात दाखवतात तशी नाही. गुप्तहेर, खून, पळवलेल्या फिती, वाळवंटात दडवलेला पुरावा हा सगळा पटकथाकारांचा मसाला. खऱ्या इतिहासात कट नसतो. दिरंगाई असते, अज्ञान असते, त्या त्या काळाची मर्यादा असते. शिवाय लोकशाहीत सत्य उशिरा का होईना बाहेर येतेच, त्यासाठी चौकशी आयोग असतात. असे असताना हे चित्रपट लोकांच्या मनात नुसता संशय पेरतात आणि मूळ प्रश्नाचे गांभीर्य घालवतात.

या मताचा मला संताप येतो. तो का येतो हे सांगायला एक चित्रपट पुरेसा आहे. मायकल पॅटिन्सन आणि ब्रूस माइल्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘ग्राउंड झिरो’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट १९८७ साली आला. कॉलिन फ्रील्सने त्यात मेलबर्नमधल्या एका कॅमेरामनचे काम केले आहे. आपल्या वडिलांचा मृत्यू आपण समजत होतो तसा झाला नाही, त्यांचा खून झाला असावा, असे त्याला कळते. वडीलही कॅमेरामन होते आणि १९५०च्या दशकात मरालिंगाच्या वाळवंटात ब्रिटनने केलेल्या अणुचाचण्या त्यांनी टिपल्या होत्या. त्या जुन्या फितींच्या मागावर आता गुप्तचर यंत्रणा आहे. पार्श्वभूमीला याच चाचण्यांची चौकशी करणारा रॉयल कमिशन आयोग आहे. जॅक थॉम्पसन यंत्रणेचा माणूस होतो, डोनाल्ड प्लेझन्स वाळवंटात एकटा राहणारा एक उद्ध्वस्त माजी सैनिक. मुलगा वडिलांनी काय पाहिले याचा शोध घेत त्या वाळवंटात जातो. कथा एवढीच.

हा खून आणि हा पाठलाग काल्पनिक आहे. एवढे मी मान्य करतो, याहून जास्त काही नाही.

आता खरे काय घडले ते पाहू. सप्टेंबर १९५० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्याकडे अणुचाचणीसाठी जागा मागितली. मेन्झीस यांनी स्वतःच्या मंत्रिमंडळाला न विचारता होकार दिला. ३ ऑक्टोबर १९५२ रोजी पश्चिम किनाऱ्याजवळच्या मॉन्टे बेलो बेटांवर पहिला स्फोट झाला. त्याच वर्षी वृत्तपत्रांनी संरक्षणविषयक काय छापू नये हे सांगणारी ‘डी नोटीस’ पद्धत ऑस्ट्रेलियात सुरू झाली, आणि पहिल्या नोटिसांच्या विषयांत हा स्फोट होता. पुढे १९५३ मध्ये ईमू फील्डला दोन, १९५६ मध्ये पुन्हा मॉन्टे बेलोला दोन आणि १९५६-५७ मध्ये मरालिंगाला सात, असे एकूण बारा मोठे स्फोट झाले. ज्या देशाच्या भूमीवर बॉम्ब फुटणार, त्या देशाच्या मंत्र्यांना विचारलेले नाही आणि वृत्तपत्रांनी काय छापायचे तेही आधीच ठरलेले आहे. या सुरुवातीला दिरंगाई म्हणायचे की अज्ञान?

‘तेव्हा कोणाला काय माहीत होते?’ हा या मंडळींचा लाडका प्रश्न. तो ऐकला की मला १५ ऑक्टोबर १९५३ ची सकाळ दाखवावीशी वाटते. त्या दिवशी ईमू फील्डला ‘टोटेम १’ स्फोट झाला. वारा कोणत्या दिशेला, किती वेगाने वाहत असेल तर किरणोत्सारी धूळ धोकादायक प्रमाणात वस्तीवर पडेल, याचा अभ्यास चाचणीपूर्वीच झालेला होता आणि त्याचा अहवाल संबंधितांच्या हातात होता. ज्या वाऱ्यात स्फोट करू नये असे त्या अहवालावरून निघत होते, नेमक्या तशाच वाऱ्यात तो करण्यात आला. वाऱ्याच्या वाटेवरच्या वालाटिना आणि वेलबर्न हिल इथे माणसे राहतात ही गोष्ट हिशेबातच धरली गेली नाही. हे सारे रॉयल कमिशनने नोंदवले आहे. वालाटिनाच्या आदिवासींनी सांगितले की एक काळे, चिकट धुके जमिनीलगत सरकत आले. लोकांचे डोळे सुजले, उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठले. त्या लोकांत यामी लेस्टर नावाचा एक मुलगा होता. पुढे त्याची दृष्टी पूर्ण गेली.

आयोगाने काळे धुके आले हे स्वीकारले. त्यामुळे काही लोक आजारी पडले असतील हेही स्वीकारले. मात्र लेस्टर यांचे अंधत्व त्या धुक्यामुळेच आले का, याचा निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. इथे टीकाकार टाळी वाजवतात: बघा, पुरावा नाही! मला विचारायचे आहे की पुरावा का नाही? त्या सकाळनंतर कोणी डॉक्टर वालाटिनाला गेला होता का? कोणी रक्त तपासले, डोळे तपासले, नोंद ठेवली? तिथे किती माणसे होती याची साधी मोजदाद तरी झाली होती का? मोजणी करायची नाही, आणि तीस वर्षांनी मोजणी नाही म्हणून सिद्ध होत नाही असे म्हणायचे. लपवालपवीचा याहून परिणामकारक प्रकार मला माहीत नाही. त्याला मारेकरी लागत नाही. कोणी सही न केलेला एखादा तपासणीचा कागद पुरतो.

चित्रपटाच्या कर्त्यांपुढे हीच अडचण होती आणि टीकाकार ती समजून घ्यायला तयार नाहीत. न ठेवलेली नोंद पडद्यावर कशी दाखवणार? तीस वर्षे लिहिले न गेलेले वाक्य कॅमेऱ्यात कसे पकडणार? त्यांनी एक खून दाखवला, एक फीत दाखवली, ती फीत कोणाला तरी नको आहे हे दाखवले. प्रेक्षकाला एका माणसाचा मृत्यू दिसला आणि तो लपवणारे हात दिसले. खऱ्या घटनेतले हात जास्त होते आणि मृत्यू अधिक संथ होते. म्हणून मी म्हणतो, या चित्रपटाने कमीच सांगितले.

अज्ञानाच्या बचावाकडे परत येतो, कारण तो इतक्या सहज सोडून देण्यासारखा नाही. हेडली मार्स्टन हे अ‍ॅडलेडचे नामांकित जीवरसायनशास्त्रज्ञ, सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले. चरणाऱ्या गुराढोरांच्या थायरॉइड ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीन किती जमते हे मोजायचे काम १९५६ मध्ये सरकारनेच त्यांच्याकडे दिले. त्यांना ते देशाच्या फार मोठ्या भागात सापडले. मार्स्टन एवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी अ‍ॅडलेडमध्ये हवेचीही मोजणी केली, आणि त्या ऑक्टोबरमधल्या एका स्फोटाची धूळ थेट त्या शहरावर आल्याचे त्यांना दिसले. शहराला कोणी काही सांगितले नाही. चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियन सुरक्षा समितीने त्यांच्या निष्कर्षांना विरोध केला, आणि १९५८ मध्ये त्यांचा शोधनिबंध अखेर छापला गेला तेव्हा त्यात अ‍ॅडलेडचे आकडे नव्हते. एका सरकारी शास्त्रज्ञाने सरकारी पैशातून मोजलेले आकडे छापील पानावर येत नाहीत, याला त्या काळाची मर्यादा म्हणता येते का? मार्स्टन त्याच काळातले होते. त्यांना दिसत होते.

याहून भयंकर गोष्ट हाडांची. १९५७ पासून १९७८ पर्यंत ऑस्ट्रेलियात सुमारे २२ हजार मृत व्यक्तींची हाडे गोळा करून अणुस्फोटांतून पसरणाऱ्या स्ट्रॉन्शियम-९० साठी तपासली गेली. त्यांत तान्ह्या बाळांचीही हाडे होती. बहुतेक आईबापांना विचारलेसुद्धा नाही. हे तंत्र विचारपूर्वक उभे केलेले होते: स्ट्रॉन्शियम शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडात बसते, वाढत्या मुलांच्या हाडात अधिक बसते, हे ठाऊक असल्याखेरीज कोणी बाळाचे हाड मागवत नाही. एकीकडे प्रयोगशाळेत हाडांची राख मोजली जात होती आणि दुसरीकडे जनतेला धोका नसल्याची ग्वाही दिली जात होती. हे अज्ञान असेल तर ज्ञान कशाला म्हणायचे?

आणि ही ग्वाही देणारे कोण होते? सुरक्षा समितीचे अध्यक्ष सर अर्नेस्ट टिटर्टन. इंग्लंडात जन्मलेले, लॉस अ‍ॅलामॉसला बॉम्ब घडवण्यात भाग घेतलेले, पुढे कॅनबेरात प्राध्यापक झालेले. ऑस्ट्रेलियन जनतेच्या वतीने ब्रिटिश बॉम्बवर नजर ठेवायची जबाबदारी त्यांची. सप्टेंबर १९५७ च्या एका स्फोटात ब्रिटिशांनी कोबाल्टच्या गोळ्या वापरल्या. जमिनीवर विखुरलेल्या त्या गोळ्या ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य पथकाला अचानक सापडल्या, तोवर त्यांना कोणी सावधही केले नव्हते. टिटर्टन यांना कोबाल्टची माहिती होती. त्यांनी ती पथकालाही सांगितली नाही आणि आपल्या समितीच्या सहकाऱ्यांनाही. आयोगाने त्यांच्यावर माहिती दडवल्याचा ठपका ठेवला. मला सांगा, चित्रपटातला जॅक थॉम्पसनचा अधिकारी अतिरंजित वाटतो ना? इथे तर खुद्द राखणदाराच्या खुर्चीवर बसलेला माणूस माहिती दाबत होता.

‘पण आयोगानेही अकार्यक्षमता असेच म्हटले ना?’ असे मला एका जाणकाराने विचारले आहे. आयोगाचा अहवाल अर्धाच वाचला की असे होते. १९५६ च्या चाचण्यांच्या वेळी आदिवासींच्या सुरक्षेची जी व्यवस्था होती तिच्याविषयी आयोगाने तीन दोष नोंदवले: अज्ञान, अकार्यक्षमता आणि निगरगट्टपणा. पहिले दोन उचलायचे आणि तिसरा टाकून द्यायचा, असे वाचन कोणी करू नये. निगरगट्टपणा म्हणजे काय हे वॉल्टर मॅकडूगल यांच्या प्रकरणातून कळते. लाखो चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशात विखुरलेल्या आदिवासींना शोधून दूर ठेवायचे काम सुरुवातीला या एकट्या गस्ती अधिकाऱ्यावर टाकलेले होते. त्यांनी आदिवासींच्या बाजूने तक्रार केली तेव्हा सरकारचे मुख्य शास्त्रज्ञ अ‍ॅलन ब्यूटमेंट यांनी लेखी नाराजी कळवली. हा माणूस मूठभर आदिवासींचे हित ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या वर ठेवतो आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळवंटात इंग्रजी पाट्या लावल्या होत्या. हे सगळे आयोगापुढे आले आहे.

मे १९५७ मध्ये मिलपडी हे आदिवासी कुटुंब, आईबाप आणि दोन मुले, आपल्या कुत्र्यांसह त्या वाळवंटातून चालत दक्षिणेला ऊल्डियाकडे निघाले होते. तिथले मिशन पाच वर्षांपूर्वीच बंद झाले होते, हे त्यांना माहीत नव्हते. वाटेत ते मार्कू इथल्या खड्ड्याजवळ मुक्कामाला थांबले. हा खड्डा म्हणजे आदल्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर फोडलेल्या बॉम्बची जागा. सैनिकांना ते सकाळी सापडले. त्यांना आंघोळी घातल्या, यंत्र लावून तपासले. कुत्री गोळ्या घालून मारली. आई गरोदर होती. तिला झालेले मूल मृत जन्मले. आणि हे पाहिलेल्या सैनिकांना काय सांगितले? तोंड उघडाल तर कठोर शिक्षा होईल, असे. त्यांपैकी एकाने अनेक वर्षांनी आयोगापुढे येऊन हे सांगितले.

आता मला कोणी समजावून सांगावे की या घटनेत आणि राजकीय थरारपटाच्या कथानकात नेमका फरक कोणता? साक्षीदार आहेत, धमकी आहे, बंदुकीची गोळी आहे, दडवलेली घटना आहे, अनेक वर्षांनी साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आहे. कथानक पटत नाही म्हणणाऱ्याने आधी हे प्रकरण वाचावे.

‘सत्य लोकशाहीत बाहेर येतेच’ या विधानाला मी सर्वांत जास्त विरोध करीन, कारण ते सर्वांत सुखावणारे आहे. सत्य आपोआप बाहेर आले नाही. एव्हन हडसन नावाचा हवाई दलातला माणूस मरालिंगाला काम करून आला होता. गोपनीयतेच्या कायद्याची भीती असूनही १९७६ मध्ये तो जाहीरपणे बोलला. यामी लेस्टर यांनी १९८० मध्ये टिटर्टन यांना रेडिओवर बोलताना ऐकले आणि आपल्या लहानपणचे काळे धुके वृत्तपत्राला सांगितले. मधल्या काळात पत्रकार ब्रायन टूही यांनी मंत्रिमंडळापुढचा गोपनीय कागद छापला. आयोग त्यानंतर, १९८४ मध्ये नेमला गेला. म्हणजे शेवटच्या मोठ्या स्फोटानंतर २७ वर्षांनी. आयोगाचे अध्यक्ष जिम मॅक्लेलंड यांना लंडनला जाऊन ब्रिटिश सरकारच्या असहकाराविषयी जाहीर कडक शब्द वापरावे लागले. यातली एकही पायरी ‘लोकशाहीत आपोआप होते’ या सदरात बसत नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी नोकरी, प्रतिष्ठा किंवा स्वातंत्र्य पणाला लावले होते. त्या माणसांच्या हिमतीचे श्रेय व्यवस्थेच्या खात्यात टाकायचा आपल्याला काय अधिकार?

शिवाय मोठे स्फोट संपल्यावर जे झाले ते कमी घातक नव्हते. ‘किरकोळ चाचण्या’ या नावाखाली १९६३ पर्यंत प्रयोग चालू राहिले. मरालिंगातल्या तारानाकी या जागी सुमारे २२ किलो प्लुटोनियम स्फोटकांनी उडवून वाळवंटात पसरवले गेले. प्लुटोनियमची किरणोत्सारिता निम्मी व्हायलाच सुमारे २४ हजार वर्षे लागतात. १९६७ मध्ये ब्रिटिशांनी थोडी माती नांगरली, खड्डे बुजवले, पुढच्या वर्षी सगळे व्यवस्थित असल्याचा अहवाल दिला, आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना जबाबदारीतून मोकळे करणारा करार केला. १९८४ नंतर ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा प्रदूषण त्या अहवालापेक्षा कितीतरी जास्त निघाले. प्लुटोनियम लागलेले तुकडे उघड्यावर पडलेले होते, आणि त्या जमिनीवर तिथल्या अनंगू आदिवासींची मुले अनवाणी फिरणार होती. सफाईला १०.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. ब्रिटनने त्यासाठी दोन कोटी पौंड दिले. सफाई २००० मध्ये पूर्ण झाली असे जाहीर झाले खरे, पण त्या कामावरचेच अभियंते अ‍ॅलन पार्किन्सन यांनी पुढे लिहून दाखवले की कचरा काचेत बंदिस्त करण्याची ठरलेली पद्धत मध्येच सोडून तो उथळ खंदकात पुरला गेला. चित्रपट आला तेव्हा यातला शेवटचा अध्याय घडायचाच होता.

काही जणांचा आक्षेप निराळा आहे: चित्रपटाचा नायक गोरा, शहरी, आणि आदिवासी कडेला. या आक्षेपात तथ्य आहे. बर्नम बर्नम यांच्यासारखा लढाऊ आदिवासी नेता त्यात भूमिका करतो, तरी कथा त्याच्या लोकांची होत नाही. पण याचा अर्थ असा की अनंगूंची कथा अनंगूंच्या तोंडून सांगणारे आणखी चित्रपट हवेत. हा चित्रपट नको होता असा त्याचा अर्थ निघत नाही. गंमत म्हणजे, हे बोलणारे बरेच जण ‘ऑपेनहायमर’च्या तीन तासांवर लुब्ध आहेत. त्यात बॉम्ब करणाऱ्याच्या अंतर्मनाला भरपूर जागा आहे, न्यू मेक्सिकोत त्या पहिल्या स्फोटाच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या माणसांना नाही. कर्त्याची वेदना दाखवली की कलाकृती आणि भोगणाऱ्याची दाखवली की प्रचार, हा निकष कुठून आला?

आपल्याकडे हा विषय कसा हाताळला जातो तेही पाहावे. पोखरणला १९९८ मध्ये झालेल्या चाचण्या भूमिगत होत्या, त्यांना मरालिंगाच्या पंक्तीला बसवणे चूक ठरेल. पण ‘परमाणु’ (२०१८) या हिंदी चित्रपटात गुप्तता हाच पराक्रम आहे, आणि उपग्रहांना चकवल्याच्या प्रत्येक प्रसंगाला प्रेक्षक टाळ्या देतात. चाचणीच्या जागेजवळचे खेतोलाई गाव वर्षानुवर्षे घरांना गेलेल्या तड्यांच्या आणि आजारांच्या तक्रारी करत आले आहे. मुंबईच्या आनंद पटवर्धनांनी अणुचाचण्यांची दुसरी बाजू ‘जंग और अमन’ या माहितीपटात दाखवली तेव्हा सेन्सॉर मंडळाने काटछाटी सुचवल्या आणि २००३ मध्ये त्यांना मुंबई उच्च न्यायालयातून तो सोडवावा लागला. म्हणजे गुप्ततेचे कौतुक करणारा चित्रपट सरळ पडद्यावर येतो आणि तिला प्रश्न विचारणारा न्यायालयात फिरतो. अशा देशातल्या प्रेक्षकाला संशयाचा अतिरेक झाला आहे, असे खरेच कोणाला वाटते? मला तर संशयाचा दुष्काळ दिसतो.

राज्यसंस्थेवर विश्वास ठेवावा, हे मलाही पटते. पण तिने आपली कागदपत्रे उघडी ठेवावीत ही त्या विश्वासाची किंमत आहे, आणि मरालिंगाच्या बाबतीत ती आजतागायत दिली गेलेली नाही. ऑस्ट्रेलियाने चाचण्यांतल्या सैनिकांना आणि बाधित आदिवासींना पूर्ण वैद्यकीय खर्चाचे कार्ड दिले ते २०१७ मध्ये. ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी पदक जाहीर केले ते २०२२ मध्ये, पहिल्या स्फोटानंतर ७० वर्षांनी. आणि या दोहोंच्या मध्ये, २०१८ च्या अखेरीस, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून ब्रिटिश अणुचाचण्यांच्या फायली काढून घेण्यात आल्या. या फायली तोवर वाचकांना खुल्या होत्या. संशोधकांना आधी काही सांगितले गेले नाही.

चित्रपटात सरकारला नको असलेली फीत नाहीशी करू पाहणारी माणसे आहेत. प्रत्यक्षात, चित्रपटानंतर ३१ वर्षांनी, उघड्या कपाटातल्या फायली मागे घेतल्या गेल्या. त्या जोवर जशाच्या तशा वाचकांच्या टेबलावर परत येत नाहीत, तोवर ‘ग्राउंड झिरो’ला अतिरंजित म्हणणाऱ्याने आधी सांगावे की अतिरंजन नेमके कोणत्या प्रसंगात झाले आहे, आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी मार्कूच्या खड्ड्याची साक्ष आयोगाच्या अहवालात स्वतः वाचून यावी.